नदीमुखावरचे अस्टोरिया

आपल्या मंडळातील निम्म्याहून अधिक भगिनींची मुले आज परदेशी आहेत. त्यामुळे नायगाराचा धबधबा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, गगनचुंबी इमारती यांची वर्णने कोणालाच नवी राहिलेली नाहीत. मी ज्या गावाविषयी लिहिणार आहे ते प्रवासी कंपन्यांच्या यादीत सहसा नसते. ओरेगॉन राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, कोलंबिया नदी प्रशांत महासागराला मिळते तेथे, डोंगराच्या उतारावर वसलेले अस्टोरिया हे जेमतेम दहा हजार वस्तीचे गाव. मासळी आणि लाकूड या दोन धंद्यांवर ते वाढले, आणि ते धंदे ओसरल्यावर आता बरेचसे पाहुण्यांवर जगते. पण या गावाचा आपल्या देशाच्या स्वातंत्र्याशी जवळचा संबंध आहे, आणि त्या संबंधाचा एक धागा थेट पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यापर्यंत येऊन पोचतो. म्हणून हा लेख.

शिरूर तालुका हे माझे माहेर. तेथल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले, एवढे लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकले होते. ते अमेरिकेतून परत आले होते हेही ऐकले होते. पण अमेरिकेत शिकायला गेलेला ब्राह्मणाचा मुलगा फासापर्यंत कसा पोचला, याचा उलगडा शाळेच्या पुस्तकाने कधी केला नाही. गेल्या वर्षी लेकीकडे पोर्टलंडला तीन महिने राहण्याचा योग आला. तेथून अस्टोरिया गाडीने दोन तासांच्या वाटेवर आहे असे कळले, तेव्हा मी जावईबापूंना म्हटले, बाकी काही दाखवले नाहीत तरी चालेल, एवढे गाव दाखवा.

माझे सासर कोकणातले असल्यामुळे खाडीचे मुख मला नवे नाही. तरी कोलंबियाचे मुख पाहून मन दबकते. अस्टोरियापाशी नदीची रुंदी सहा किलोमीटरांहून अधिक भरते. तिच्यावर १९६६ साली पूर्ण झालेला पूल पलीकडच्या वॉशिंग्टन राज्यात उतरतो. तो चार मैलांहून लांब आहे. नदी समुद्राला मिळते तेथे गाळाचे दांडे पडलेले असून नदीचा लोंढा आणि समुद्राच्या लाटा एकमेकींवर आदळतात. आजवर सुमारे दोन हजार लहानमोठी गलबते-जहाजे या परिसरात बुडाली, आणि म्हणून खलाशांनी या भागाला 'प्रशांत महासागराचे स्मशान' असे नाव दिले. आजही येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजावर येथला वाटाड्या चढल्याशिवाय ते दांडा ओलांडत नाही. 'पीटर आयरडेल' नावाचे पोलादी शिडाचे जहाज १९०६ साली जवळच्या वाळूत रुतले, त्याचा गंजलेला सांगाडा अजून किनाऱ्यावर उभा आहे. मुले त्याच्या फासळ्यांतून लपंडाव खेळतात.

पावसाचे म्हणाल तर तो आपल्यासारखा चार महिने कोसळून रजा घेणारा नव्हे. लुईस आणि क्लार्क हे दोघे अमेरिकन सरकारच्या वतीने खंड ओलांडून १८०५ च्या हिवाळ्यात येथे पोचले. जवळच लाकडी कोट बांधून त्यांनी मुक्काम केला. त्या १०६ दिवसांपैकी पावसाविना गेलेले दिवस अवघे बारा! त्यांच्या रोजनिशीत पाऊस, ओले कपडे आणि पिसवा यांच्या तक्रारी भरपूर आहेत. त्या कोटाची प्रतिकृती आज पाहावयास मिळते. खोल्या इतक्या लहान की आपल्या चाळीतील बिऱ्हाडे प्रशस्त वाटावीत.

पण लुईस-क्लार्क आले तेव्हा ही भूमी काही निर्जन नव्हती. चिनूक आणि क्लॅट्सॉप या मूळच्या लोकांची येथे भरभराटीची वस्ती होती. देवदाराच्या एकाच खोडातून कोरलेल्या होड्या, सुकवलेली मासळी आणि दूरदूरच्या टोळ्यांशी चालणारा व्यापार यांवर ते संपन्न होते. पुढे १८३० नंतरच्या तापाच्या साथींनी त्यांची गावेच्या गावे ओस पडली. १८५१ साली त्यांच्याशी जमिनीचा करार झाला, परंतु वॉशिंग्टनच्या सिनेटने तो मंजूर केलाच नाही. जमीन मात्र गेली.

गावाचे नाव ज्याच्यावरून पडले तो जॉन जेकब अॅस्टर न्यूयॉर्कचा एक फरविक्या कोट्यधीश. मूळचा जर्मनीतील खाटकाचा मुलगा. पाणमांजरांची आणि बीव्हरची कातडी येथून गोळा करून चीनला विकावी, या हेतूने त्याने 'टॉन्क्विन' नावाच्या जहाजातून पाठविलेली माणसे १८११ साली येथे पोचली. कप्तान इतका हट्टी की नदीचा दांडा चाचपण्यासाठी उसळत्या पाण्यात त्याने लहान होड्या सोडल्या, आणि आठ माणसे तेथेच बुडाली. एवढे करून दोनच वर्षांनी ते ठाणे इंग्रजांच्या कंपनीला विकावे लागले. गंमत अशी की अॅस्टर स्वतः या गावी कधी फिरकला नाही. पण नाव राहिले ते त्याचेच.

आता मासळीकडे वळते. सॅल्मन हा मासा जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात, आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मनदीत शिरतो. आपल्या रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅल्मन' म्हणण्याची पद्धत आहे, परंतु दोघांचे नाते काही नाही. चव तर मुळीच एक नाही. लेकीने हौसेने आमसूल-तिरफळे घालून कालवण केले, तर सगळे तेल वर आले; या माशाला आपले जुने तव्यावरचे तिखट-मीठच बरे.

कोलंबियातील सॅल्मन डब्यांत भरून विकण्याचा पहिला कारखाना १८६६ साली निघाला, आणि वीस वर्षांच्या आत नदीकाठी त्यांची रांग लागली. १८८३ साली असे ३९ कारखाने होते आणि त्या एका वर्षात सव्वासहा लाखांवर खोकी माल बाहेर पडला; एका खोक्यात एकेक रतलाचे अठ्ठेचाळीस डबे. कोळी रात्रीच्या अंधारात लहान शिडाच्या होड्या नदीत सोडीत. जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राही, मासा तोंड घाली आणि कल्ल्यांशी अडकून बसे. शेकडो होड्यांची दुहेरी शिडे उघडली म्हणजे फुलपाखरांचा थवा उतरल्यासारखे दिसे, म्हणून त्यांना 'फुलपाखरी आरमार' म्हणत. दिसायला सुंदर, पण दांड्याजवळ वाहवत गेलेल्या होड्या किती परतल्या नाहीत याच्या हकिगती तेथल्या सागरी संग्रहालयात वाचताना घशाशी येते. आपल्या कोळणींनी वाट पाहत किनाऱ्यावर बसावे तशाच त्या बसत असतील. त्या फिनलंड-नॉर्वेच्या होत्या एवढाच फरक.

कारखान्यांतील कापाकापीचे काम चिनी मजूर करीत. १८८० च्या सुमारास या एका जिल्ह्यात त्यांची संख्या दोन हजारांवर होती. मोठा मासा मिनिटभरात साफ करण्याचे त्यांचे कसब असे होते की त्यांच्यावाचून धंदा चालणे अशक्य. तरीही १८८२ साली कायदा करून आणखी चिन्यांना देशात येण्याची बंदी झाली. पुढे १९०३ च्या सुमारास त्यांचे काम करणारे यंत्र निघाले, तेव्हा त्या यंत्राला नाव दिले ते चिनी माणसाला देण्यात येणाऱ्या शिवीवरून! लोखंडी अक्षरांत ते नाव यंत्रावर ओतलेले असे. आता २०१४ साली गावाने चिनी मजुरांच्या स्मरणार्थ एक सुरेख बाग उभारली आहे. ती जरूर पाहावी.

कारखाने पुढे कमी होत गेले. बेसुमार मासेमारी, नदीवर वरच्या अंगाला बांधलेली धरणे, जंगलतोडीने गढूळ झालेले ओढे, सगळ्यांनी मिळून सॅल्मन आटवला. काही वर्षे ट्यूना माशावर काम चालले, त्यात बायकाच अधिक. १९८० साली शेवटचा मोठा कारखाना बंद पडला. आज नदीच्या पात्रात शेकडो लाकडी खुंट ओळीने उभे दिसतात. ते या कारखान्यांचे पाये. त्यांच्यावर पाणपक्षी बसतात, आणि धक्क्यावर समुद्रसिंह अहोरात्र भुंकत लोळतात. त्यांचा आवाज गावाच्या वरच्या आळीपर्यंत ऐकू येतो, आणि वास त्याहून दूर.

दुसरा धंदा लाकडाचा. स्प्रूस, फर, हेमलॉक ही येथली झाडे दोनशे फुटांपर्यंत सहज जातात; बुंध्याला कवेत घ्यायला सात-आठ माणसे लागावीत. ओंडके साखळदंडांनी बांधून त्यांचे चिरुटाच्या आकाराचे, जवळजवळ हजार फूट लांबीचे तराफे करीत, आणि ते समुद्रातून ओढून कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला सॅन दिएगोला नेत. १९०६ ते १९४१ या काळात असे शंभरावर तराफे या नदीतून बाहेर पडले. पहिल्या महायुद्धात विमानांचे सांगाडे याच स्प्रूसच्या लाकडाचे होत.

गावाच्या पूर्व टोकाला हॅमंड नावाच्या बड्या व्यापाऱ्याची लाकडाची गिरणी होती. आणि येथेच आपली माणसे येतात.

१९०५ नंतर पंजाबातून, विशेषतः जालंदर, होशियारपूर, लुधियाना, अमृतसर या भागांतून, माणसे कॅनडा व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊ लागली. जमिनी तुकड्यांनी वाटल्या गेलेल्या, सावकाराचे कर्ज डोक्यावर. कित्येकांनी इंग्रजांच्या पलटणीत नोकरी करून जगाचा नकाशा पाहिलेला. येथे लाकडाच्या गिरणीत रोजी दोन डॉलरच्या आसपास मिळत. घरी आठवडाभर राबूनही एवढे मिळण्याची मारामार. काम जिवावरचे: करवतीखालून निघालेल्या ओल्या, जडशीळ फळ्या ओढून त्यांच्या थप्प्या लावायच्या, दिवसाचे दहा-दहा तास. अस्टोरियाच्या गिरणीत शंभराच्या आसपास हिंदी माणसे एका वेळी होती. गिरणीजवळच्या त्यांच्या वस्तीच्या गल्लीला गाव 'हिंदू गल्ली' म्हणे. शीख असो, मुसलमान असो, तेथे प्रत्येक हिंदी माणूस 'हिंदू'च. त्यांच्यातील पहिलवानांच्या कुस्त्या पाहायला गोरे लोक पैसे देऊन येत.

या किनाऱ्यावर सगळीकडे त्यांना असे दिवस नव्हते. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे गोऱ्या मजुरांच्या जमावाने हिंदी मजुरांना झोपडीतून ओढून काढले आणि दोनशेजणांना गावाबाहेर हाकलले. १९१० च्या मार्चमध्ये पोर्टलंडला लागूनच असलेल्या सेंट जॉन्स येथे तसाच हल्ला झाला. इंग्रज सरकारचे प्रजाजन म्हणून दाद कोणाकडे मागायची, तर इंग्रज सरकारच हात वर करी. चिन्या-जपान्यांवर काही झाले तर त्यांचा वकील धावून येतो, आपल्यामागे कोणीच नाही, कारण आपल्याला देशच नाही — ही गोष्ट त्या अल्पशिक्षित शेतकऱ्यांना ग्रंथ वाचून नव्हे, मार खाऊन कळली. मला वाटते गदर चळवळीचे मूळ कोणत्याही पुढाऱ्याच्या भाषणापेक्षा येथे आहे.

अस्टोरियात मात्र त्यांना तुलनेने निवांतपणा होता. त्याला एक कारण गावातील फिनिश लोक असावेत. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. पारतंत्र्य म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नव्हते. त्यातील बरेच कोळी. स्वतःचा सहकारी डबाबंद कारखाना त्यांनी १८९६ च्या संपानंतर काढला होता. समाजवादी फिनिशांचे गावात स्वतःचे भव्य सभागृह होते, नाटकशाळा होती, आणि 'तोवेरी' नावाचे वर्तमानपत्र होते.

भगिनींनो, येथे मी क्षणभर थांबणार आहे. कारण 'तोवेरी'खेरीज या चिमुकल्या गावातून १९११ पासून 'तोवेरितार' नावाचे एक साप्ताहिक निघत असे. 'तोवेरी' म्हणजे सोबती, 'तोवेरितार' म्हणजे सोबतीण. ते स्त्रियांचे पत्र होते. मोलकरणींची मजुरी, मताचा हक्क, मुलांसाठी पान, गोष्टी, कविता, घरकामाच्या सूचना असे सारे त्यात येई. सेल्मा जोकेला-मॅकोन या बाईंनी त्याचे संपादन कित्येक वर्षे केले. अमेरिका-कॅनडात पसरलेल्या हजारो फिनिश बायका, ज्यांतील अनेकजणी दुसऱ्यांच्या घरची भांडी घासून पोट भरीत, त्या हे पत्र वर्गणी भरून घेत. ओरेगॉनमधील स्त्रियांना मतदानाचा हक्क १९१२ साली मिळाला. आपल्या स्मरणिकेच्या जाहिराती मिळविताना आपली जी दमछाक होते ती आठवली म्हणजे दर आठवड्याला पत्र काढणाऱ्या त्या बायांना हात जोडावेसे वाटतात.

त्याच फिनिश सभागृहात १९१३ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीस हिंदी मजुरांची सभा भरली. पोर्टलंड, सेंट जॉन्स आणि नदीकाठच्या इतर गिरण्यांतून माणसे आली. स्टॅनफर्ड विद्यापीठात काही काळ व्याख्याते असलेले लाला हरदयाळ, पोर्टलंडच्या गिरणीत राबणारे सोहनसिंग भकना, पंडित काशीराम हे पुढाकार घेणारे. 'पॅसिफिक कोस्ट हिंदी असोसिएशन' या नावाने संस्था स्थापन झाली. सोहनसिंग अध्यक्ष, हरदयाळ सरचिटणीस, काशीराम खजिनदार. अस्टोरियाच्या शाखेचे अध्यक्ष केसरसिंग, सचिव करीमबक्ष आणि खजिनदार मुन्शीराम. ही तीन नावे एका ओळीत वाचून मला जे वाटले ते मी लिहीत नाही; वाचणाऱ्याला ते वाटेलच.

संस्थेचे पत्र काढायचे ठरले आणि त्याला नाव ठेवले 'गदर', म्हणजे बंड. पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून उर्दूत निघाला, पाठोपाठ गुरुमुखीत. पत्रावरून पक्षालाच गदर पक्ष म्हणू लागले. गिरणीतल्या मजुरांनी आपल्या रोजीतून डॉलर काढून त्याला पैसा पुरविला. छपाईही तेच हातांनी करीत.

या मंडळींत मराठी माणसे थोडी, पण कमी प्रतीची नव्हेत. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे ओरेगॉनच्या शेतकी महाविद्यालयात शिकत असताना गिरणीतील मजुरांत मिसळले. काशीरामांच्या साह्याने त्यांनी गदरच्याही आधी पोर्टलंडकडे स्वातंत्र्याची संघटना उभारली होती, आणि नव्या पक्षात लष्करी बाजू त्यांच्याकडे आली. पिंगळे हे गिरणीतले नव्हेत; ते सिअॅटलच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होते. तेथून ते या चळवळीत ओढले गेले.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि पक्षाने सांगितले, आता परत चला. बोटी भरभरून माणसे निघाली. वर्षानुवर्षांची शिल्लक, कोणी जमिनी सोडून. सोहनसिंग कलकत्त्याला उतरताच पकडले गेले. पिंगळे आणि अठरा वर्षांचा कर्तारसिंग सराभा नोव्हेंबरात हिंदुस्थानात पोचले. हा कर्तारसिंगही काही दिवस अस्टोरियाच्या गिरणीत काम करीत होता, असे बाबा ज्वालासिंग यांच्या टिपणात आहे. पिंगळ्यांनी काशीला रासबिहारी बोस यांची गाठ घेतली. २१ फेब्रुवारी १९१५ हा पलटणींच्या उठावाचा दिवस ठरला होता. फितुरी झाली, दिवस दोनाने अलीकडे आणला, तोही फुटला. इतके झाल्यावरही पिंगळे मीरतच्या छावणीत घोडदळाच्या शिपायांना उठवायला गेले, आणि मार्चच्या अखेरीस बाँबसह तेथे पकडले गेले. लाहोरच्या खटल्यात चोवीस जणांना फाशी सांगितली. सतरांची जन्मठेप झाली. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी सात जण फासावर गेले. त्यांत कर्तारसिंग होता आणि आमचे पिंगळे होते.

आणि हे सगळे चालू असताना अस्टोरियात काय चालले होते? गिरणी चालू होती. जे परत गेले नाहीत ते फळ्या ओढीतच होते. हिंदी स्त्रिया तेथे जवळजवळ नव्हत्याच. पण बक्षीससिंग धिल्लन यांचे एक कुटुंब काही वर्षे गावात होते. त्यांची पत्नी रतन कौर १९१० साली पंजाबातून आलेली. भाषा येत नाही, माय नाही, बहीण नाही, सुईण आपल्या रीतीची नाही, अशा ठिकाणी तिने आठ मुले वाढविली. तिची लेक कर्तार धिल्लन पुढे लेखिका झाली आणि आपल्या घराची हकिगत इंग्रजीत लिहून गेली. त्यामुळे तर ही माउली आपल्याला माहीत. एक मुलगा बुध, तो बारा वर्षांचा असताना आईबापांनी त्याला गदर पक्षाच्या कामगिरीवर आशियात धाडला. फासावर जाणाऱ्यांची नावे आपण घेतो, आणि घ्यावीतच. पण बारा वर्षांच्या पोराला बोटीवर चढवून घरी परतणाऱ्या आईने त्या रात्री पोळ्या कशा लाटल्या असतील, हा विचार मला नदीकाठच्या त्या गल्लीत उभी असताना सोडीना.

१९२२ साल गावाला वाईट गेले. सप्टेंबरात हॅमंडची गिरणी जळाली आणि पुन्हा बांधली गेली नाही. डिसेंबरच्या ८ तारखेला बाजारपेठच पेटली. रस्ते लाकडी खांबांवर फळ्या टाकून केलेले, त्यामुळे आग रस्त्याच्या खालून धावली आणि तीसेक चौक भस्म झाले. गिरणी गेल्यावर हिंदी मजूर पांगले, बरेचसे कॅलिफोर्नियाच्या शेतांकडे. पुढच्याच फेब्रुवारीत अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की हिंदी माणूस 'गोरा' नव्हे, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. तो खटला ज्याचा, तो भगतसिंग थिंड अमेरिकेच्या सैन्यात चाकरी केलेला गृहस्थ. तोही काही काळ अस्टोरियाच्या याच गिरणीत राबला होता. बऱ्याच हिंदी लोकांची मिळालेली नागरिकता या निकालाने काढून घेतली गेली.

नंतर गाव हे सारे विसरले. टेकडीवर १९२६ साली एक १२५ फुटी स्तंभ उभारला आहे. रोमच्या ट्रेजन राजाच्या स्तंभाच्या धर्तीवर. आत १६४ पायऱ्या आहेत. आपल्या पर्वतीच्या १०३, पण येथे त्या गोल फिरत जातात आणि डोके भणभणते. गुडघ्यांची मनधरणी करीत मी चढले. वरून नदी, समुद्र, पूल, हिमाच्छादित शिखरे असे अपूर्व दृश्य दिसते, आणि मुले लाकडाची हलकी विमाने वरून सोडून देत असत. स्तंभाच्या बाहेरून गावाचा इतिहास चित्रांनी गुंडाळला आहे: मूळचे अरण्य, लुईस-क्लार्क, अॅस्टरची माणसे, शेवटी आगगाडी. जो व्यापारी गावी कधी आला नाही त्याची माणसे तेथे आहेत. मासे कापणारा चिनी नाही, पागोटेवाला मजूर नाही.

जोहाना ऑग्डेन या ओरेगॉनमधील इतिहास-अभ्यासक बाईंनी जुनी वर्तमानपत्रे आणि कागद चाळून या माणसांचा माग काढला आणि २०१२ साली तो प्रसिद्ध केला. गावच्या पालिकेने तो मनावर घेतला. २०१३ च्या ऑक्टोबरात गदरची शताब्दी तेथे साजरी झाली, दूरदूरहून पंजाबी कुटुंबे आली, आणि नदीकाठच्या सागरी स्मृति-उद्यानात फलक बसविण्यात आला. शंभर वर्षे लागली. पण ज्या गावाचे आपण काही देणे लागत नव्हतो त्या गावाने तो बसविला, हेही खरे.

खानखोज्यांची पुढची हकिगत मोठी आहे. इराणात इंग्रजांशी लढून, जर्मनी फिरून ते १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले, तेथे मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतून १९६७ साली नागपूरला वारले. २०२२ साली मेक्सिकोतील चापिंगोच्या शेतकी विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. सोहनसिंग भकना अंदमानासह सोळा वर्षे तुरुंग भोगून, नव्वदी उलटून १९६८ साली गेले.

ज्यांच्या मुली-सुना त्या बाजूला आहेत त्यांनी उन्हाळ्यात जावे. आषाढ-श्रावणात तेथे पाऊस कमी. सॅल्मनच्या जुन्या कारखान्यांपैकी १८७५ चा एक नदीवर अद्याप उभा असून त्यात लहानसे संग्रहालय आहे. नदीकाठाने एक जुनी ट्रामगाडी चालते. ती १९१३ साली बांधलेली आहे, म्हणजे गदरच्याच वयाची. तिच्यात बसून पश्चिमेकडे गेले की डोक्यावर तो चार मैलांचा पूल येतो. उतरायचे तेथेच. उद्यान लहान आहे, एका बाजूला समुद्रावर आयुष्य घालविलेल्या माणसांच्या नावांची भिंत आहे. गदरचा फलक त्याच आवारात सापडेल. आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज तेथे एक म्हातारे फिनिश जोडपे बाकावर भाकरी खात बसले होते. त्यांनी सरकून आम्हाला जागा दिली.